चेंडूकडे न बघणारे गुप्ते सर

इरा, परवा फोनवर तू रडत होतीस. "आजी, कोचने मला पुढून काढलं आणि मागे टाकलं," एवढंच मला कळलं. मागून सोहम ओरडला, "तिला डिफेंडर केलंय!" तेही अशा आवाजात, की जणू तुला पोलिसांनी धरून नेलंय. तुमच्याकडे झोपायची वेळ झाली होती आणि माझ्याकडे गॅसवर दूध होतं, म्हणून "होईल गं सगळं नीट" असं काहीतरी म्हणून मी फोन ठेवला. पण तेव्हापासून गुप्ते सर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीयेत. तेव्हा आज टेबल आवरून, चष्मा पुसून बसले आहे. आईला वाचून दाखवायला सांगा. मधे मालवणी बोलणं येईल, ते तिला जमणार नाही. ते मी फोनवर म्हणून दाखवीन.

गुप्ते सर आम्हाला कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. उंची बेताची, अंगात करडा कोट, खाली धोतर आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. चामड्याचे बूट वाजतात आणि माणसं सावध होतात, असं त्यांचं म्हणणं. हातात बारा महिने छत्री. कोटाच्या उजव्या खिशात फुटाण्यांच्या पुड्या. राहायला दादरला, कबुतरखान्याजवळ. याहून जास्त त्यांच्याविषयी मला तेव्हा ठाऊक नव्हतं आणि आजही नाही. स्वतःविषयी बोलायला त्यांना सवडच नसे. ते सदा दुसऱ्या कुणाला तरी बघत असत.

आणि बघायची त्यांची तऱ्हा जगावेगळी होती. जिकडे सगळे बघतात तिकडे ते बघत नसत. लग्नाला गेले तर नवरानवरीकडे पाठ आणि नजर अंतरपाट धरणाऱ्या भटजींवर. गाण्याच्या बैठकीत गवयाच्या मागे तंबोऱ्यावर बसलेल्या मुलाला जांभई कधी येते, ते टिपणार. वर्गात प्रश्न पहिल्या बाकावरच्या मुलाला विचारायचे आणि बघायचे शेवटच्या बाकाकडे. त्या शेवटच्या बाकावर मी बसे. पहिल्याच आठवड्यात पुढचा मुलगा धडाधड उत्तर देत असताना सर एकदम म्हणाले,

"मिस वैद्य, तुम्ही आत्ता मान हलवलीत. का?"

"काही नाही, सर."

"काही नाही हे कारण होत नाही. मान नाही अशी हलली. त्याचं उत्तर चुकलंय?"

"हो, सर."

"मग हे त्याला कुणी सांगायचं? मी?"

तास संपल्यावर त्यांनी मला बोलावलं आणि कॉलेजच्या जिमखान्याच्या कामाला लावलं. मुलींच्या वतीने एक प्रतिनिधी हवी होती. माझं काम काय, तर जर्सी मोजून घेणं आणि मध्यंतराला खेळाडूंना मोसंब्याच्या फोडी देणं. ठाकूरद्वारच्या आमच्या घरी मी फक्त "जिमखान्याचं काम" असं सांगितलं. फुटबॉल हा शब्द वगळला.

सरांकडे फुटबॉल कसा आला, तीही एक गंमतच. आधीचे प्राध्यापक पुण्याला गेले. संघ कोण सांभाळणार, असं प्रिन्सिपॉलसाहेबांनी स्टाफरूममध्ये विचारलं, तेव्हा सगळ्यांनी माना खाली घातल्या. कोण कशी मान घालतो ते बघण्यात गुप्ते सर रंगून गेले होते. मान वर असलेले तेवढे एकच ते. साहेबांनी तो होकार धरला.

सरांना फुटबॉलचं ओ की ठो येत नव्हतं. पण आमचे सामने जिथे होत त्या क्रॉस मैदानावर ते आले आणि आपल्या पद्धतीने बघू लागले, म्हणजे चेंडू सोडून सगळं. चेंडू डावीकडे गेला की सरांची छत्री उजवीकडे वळलेली. एकदा प्रिन्सिपॉलसाहेब स्वतः सामन्याला आले. मध्यंतराच्या जरा आधी त्यांनी विचारलं, "काय गुप्ते, किती झाले?"

"कल्पना नाही, सर."

"म्हणजे? तुम्ही समोर उभे आहात ना?"

"उभा आहे. आपला लेफ्ट-इन डाव्या पायाने लंगडतोय आणि कुणाला सांगत नाहीये. त्यांचा गोलकीपर आपल्या आईला शोधतोय, ती आलेली दिसत नाही. गोलांचं मिस वैद्यांना विचारा."

गोल दोन झाले होते, दोन्ही आमच्यावर. पण लेफ्ट-इनचा, म्हणजे पुढच्या फळीत डावीकडे खेळणाऱ्या मुलाचा, बूट काढला तेव्हा घोटा टम्म सुजलेला निघाला.

"चेंडू काय, सगळेच बघतात," हे त्यांचं आवडतं वाक्य. सामना संपला की ते खिशातून फुटाण्यांची एक पुडी काढत आणि एकाच खेळाडूला देत. गोल मारणाऱ्याला ती कधीच मिळाली नाही. त्याला टाळ्या मिळतात, म्हणत. पुडी मिळे ती चेंडू जवळ नसताना ज्याने काही शहाणपण केलं त्याला. सुरुवातीला मुलं हसली. मग हळूहळू अशी वेळ आली, की मोठमोठी, मिश्या फुटलेली मुलं एका आण्याच्या फुटाण्यांकडे आशेने बघत मैदानातून बाहेर येऊ लागली.

आता यशवंत राणे. हा लालबागच्या एका चाळीतला मुलगा. वडील गिरणीत, आणि आई घरातच खानावळ चालवायची. कोकणातून एकटे आलेले, गिरणीत काम करणारे बाराजण तिच्याकडे जेवत. यशवंत अंगाने चांगला भक्कम, पळायला तेज. आमचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारायचं काम त्याचं. आणि त्या वर्षी त्याच्या हातून, किंवा पायातून म्हणा, एकही गोल होत नव्हता. गोल समोर आला की त्याला काय व्हायचं देव जाणे. असा फटका हाणायचा, की चेंडू क्रॉस मैदान सोडून थेट रस्त्यावर. आमच्या कॅप्टनचं नाव फर्नांडिस. गिरगावातलाच. तो म्हणायचा, "राणे, बोरीबंदरला गोलपोस्ट नाय रे बाबा!"

हसण्यावारी जात होतं, पण आत सगळं गंभीर होतं. यशवंतच्या चाळीतून कॉलेजात पोचलेला तो पहिला. प्रत्येक सामन्याला आईच्या खानावळीतले, ज्यांची पाळी नसेल ते सगळे, टोप्या घालून मैदानावर येत. "आमचो यशवंत गोल मारतलो" असं त्यांनी अख्ख्या गिरणीत सांगून ठेवलं होतं. त्यांना त्याच्याकडून एक गोल हवा होता. परत जाताना ते त्याला काहीच बोलत नसत. तेच त्याला फार लागायचं.

शेवटी फर्नांडिस सरांकडे आला. "सर, राणे माझा दोस्त आहे. पण पुढच्या मॅचला त्याला बसवा. टीमची वाट लागेल."

"रविवारपर्यंत थांबा," सर म्हणाले.

रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कवर संयुक्त महाराष्ट्राची सभा होती. त्या दिवसांत सभा म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? मुंबईसह महाराष्ट्र मिळालाच पाहिजे, यावर घराघरांत एकमत. लालबाग-परळच्या कितीतरी घरांनी त्यासाठी माणसं गमावली होती. आणि तरी, किंवा त्यामुळेच, सभांना जाताना माणसं वाजतगाजत जात. मी वडिलांबरोबर गेले होते. रस्त्याच्या कडेला गुप्ते सर दिसले. पाठ अर्थातच व्यासपीठाकडे. वडिलांना नमस्कार करून ते पुन्हा गर्दीचे चेहरे बघू लागले.

तेवढ्यात लालबागचं लेझीमपथक आलं. लेझीमपथक तुम्ही व्हिडिओत पाहिलंय. पण पथकाच्या पुढे जो शिट्टी घेऊन चालतो, त्याच्याकडे बघितलंय का कधी? त्याला आपली मुलं दिसायला हवीत, म्हणून तो त्यांच्याकडे तोंड करून चालतो. म्हणजे उलटा. अख्खा रस्ता पाठीने चालतो. त्या दिवशी शिट्टी यशवंतच्या तोंडात होती.

मागे भर गर्दीचा रस्ता. उसाच्या रसाची गाडी, फुगेवाला, मधेच फतकल मारून बसलेलं कुणाचं तरी पोर. यशवंत एकदाही मान न वळवता, तालात, पाठीने येत होता. गाडी आली, तो अलगद डावीकडे सरकला. पोर आलं, त्याने एक पाऊल लांब टाकलं. आणि हे चालू असताना शेवटच्या रांगेतल्या कुणाचं तरी पाऊल चुकलं ते त्याला दिसलं, शिट्टी वाजली, पाऊल सुधारलं.

सरांच्या हातातली पुडी तिरकी झाली आणि फुटाणे टपटप रस्त्यावर पडू लागले.

"मिस वैद्य, तो मागे बघत नाहीये."

"सर, तो मागेच चाललाय."

"तेच म्हणतोय मी! समोरचं सगळं दिसतंय आणि मागचं न बघता कळतंय. आणि अशा माणसाला आपण पुढे तोंड करून पळायला लावलं! चूक राण्यांची नाही. चूक आपली आहे."

दुसऱ्या दिवशी सरावाच्या वेळी त्यांनी यशवंतला सांगितलं, की पुढच्या सामन्यापासून तुम्ही फुल-बॅक. म्हणजे इरा, तुझीच जागा. यशवंतचा चेहरा उतरला.

"सर, काढायचं तर सरळ काढा. मागे कशाला उभं करताय?"

"काढत नाहीये. हलवतोय."

"चाळीत काय सांगू? पुढे जमलं नाही म्हणून मागे टाकला, हेच ना?"

त्याने बूट काढले, एकमेकांना बांधले, माझ्या मोसंब्यांच्या टेबलावर ठेवले आणि अनवाणी निघून गेला. आठवडाभर सरावाला आला नाही. आंतरकॉलेज स्पर्धेत आम्ही बाकीच्यांच्या गोलांवर पुढे आलो होतो आणि अंतिम सामना तोंडावर आलेला. फर्नांडिस म्हणाला, "सर, गेला तो." सर म्हणाले, "कुठे गेला? लालबागलाच असेल. चला."

अशी मी, फर्नांडिस आणि सर, तिघं लालबागला गेलो. बूट माझ्या हातात.

यशवंतची आई काशीबाई दारातच उभी होती. ठेंगणी, काटक, कपाळाला आडवं कुंकू. सरांना पाहून तिने पदर सारखा केला आणि पहिलंच वाक्य टाकलं, "सायबांनू, माझ्या झिलान चोरी केल्यान काय? मग तेका मागे कित्याक उभो केलात?" झील म्हणजे मुलगा, आणि कित्याक म्हणजे कशाला.

"सांगतो. आधी जेवायला घालाल का?" सर म्हणाले.

जेवायचीच वेळ होती. लांबट खोली, दोन्ही भिंतींना लागून दोन पंगती, बाराजण समोरासमोर बसलेले, आणि मधे जेमतेम पाऊल मावेल एवढी वाट. आम्हाला दाराशी पाटावर बसवलं. बांगड्याचं सार पाहून सरांचा चेहरा खुलला. मी भात आणि सोलकढीवर भागवलं. काशीबाई मला म्हणाली, "चेडवा, लाजतंस कित्याक? जेव." आणि तेवढ्यात यशवंत आतून साराचं पातेलं घेऊन आला.

आम्हाला पाहून तो थबकला. पण बाराजण हात थांबवून बसलेले. वाढल्याशिवाय इलाज नव्हता. तो खोलीच्या टोकाला गेला आणि वाढू लागला. वाढत वाढत मागे येऊ लागला. पाठीने! दोन्ही पंगतींवर त्याची नजर. कोण ताटावर हात आडवा धरतोय, कोणाचा भात संपलाय, कोण लाजून मागत नाहीये. हातात वाफाळतं पातेलं, आणि मागे कुणाचा पाय, कुणाचा तांब्या. एकालाही धक्का नाही.

सरांनी घास हातातच धरला होता. ते बांगड्याकडे बघत नव्हते, म्हणजे बघा.

"काशीबाई, हा कधीपासून वाढतोय?"

"सात वर्सांचो होतो तेवापासून. पण आजपातूर कोणाच्या अंगार सार सांडूक नाय."

"फर्नांडिस, पाहिलंत?" सर म्हणाले. मग यशवंत आमच्यापर्यंत पोचला तेव्हा त्यांनी ताट पुढे करत त्याला अगदी शांतपणे विचारलं, "राणे, इथे किती जण आहेत?"

"बारा."

"मैदानात समोरून किती फॉरवर्ड येतात?"

"पाच."

"हातात गरम सार असतं?"

पंगत हसली. यशवंतलाही हसू आवरेना, पण तो म्हणाला, "सर, हे घरचं काम आहे. ते वेगळं. ह्या सगळ्यांना गोल बघायचाय."

पंगतीतल्या माना ताटांवर वाकल्या. कारण ते खरं होतं. बोलली ती काशीबाई, आणि तेही सरांशी नाही, पंगतीशी. "काय रे, तुमच्या गावात राखणदार खंय रवता?"

कोकणात प्रत्येक गावाला एक राखणदार असतो, गावाचं रक्षण करणारा देव. तो खंय, म्हणजे कुठे, राहतो असं ती विचारत होती. एका म्हाताऱ्या जेवणाऱ्याने भात कालवत उत्तर दिलं, "खंय म्हणजे? वेशीर."

"देवळात कित्या नाय?"

"देवळात बसान गाव कसो राखतलो?"

"आणि पयलो नारळ कोणाचो?"

"तेचोच."

"मग!" काशीबाईने हातातला भात वाढायचा डाव सरळ यशवंतवर रोखला. "ह्ये शिकलेले सायेब आपल्या पायान चलान इले. तुका वेशीर उभो करतत. आणि तू रडतंस? बूट घे त्या चेडवाच्या हातातले. जेवताना बूट धरून बसलाहा बिचारा."

यशवंतने पातेलं खाली ठेवलं आणि बूट घेतले.

अंतिम सामन्याला बाराच्या बारा हजर. पाळ्या बदलून आलेले. काशीबाईही आली, नऊवारी नेसून, हातात नारळ. तिने तो आमच्या गोलच्या खांबापाशी नेऊन ठेवला. पंच धावत आले. "हे काय?"

"राखणदाराचा मान आहे," सर म्हणाले. "मैदानाच्या रेषेबाहेर ठेवलाय. नियमात आडवं काही येत नाही, मी वाचून आलोय." फुटबॉलविषयी सरांनी वाचलेली ती पहिली आणि बहुधा शेवटची गोष्ट.

सामना सुरू झाला आणि बाराजणांची पंचाईत झाली. ओरडायचं कधी? त्यांना फक्त गोलाला ओरडायची सवय. यशवंत मागे उभा, आणि ते बापडे चेंडूच्या मागे माना फिरवत गप्प. सर छत्री टेकत त्यांच्याकडे गेले. "मंडळी, चेंडू बघू नका. राण्यांना बघा. पंगतीत बघता तसं."

त्यांनी बघितलं. समोरच्या संघाचा राइट-आउट, म्हणजे उजव्या कडेने चाल करणारा खेळाडू, वाऱ्यासारखा पळायचा. तो चेंडू घेऊन आला. दुसरा कुणी असता तर अंगावर धावून गेला असता. यशवंत त्याच्याकडे तोंड करून मागे मागे सरकू लागला, तसाच, पाठीने, अगदी संथ. ताट पुढे येईपर्यंत वाढपी जसा थांबतो तसा तो थांबला होता. राइट-आउटचा पाय चेंडूपासून वीतभर सुटला, आणि यशवंतने चेंडू अलगद काढून घेतला.

"वाढल्यान!" म्हातारा ओरडला. म्हणजे, वाढलं त्याने!

मग काय विचारता! दर वेळी राइट-आउट निघाला की बाराजण एका सुरात "येतासा... येतासा..." आणि चेंडू काढला की "वाढल्यान रे!" क्रॉस मैदानावर असली आरोळी त्याआधी कुणी ऐकली नसेल. काशीबाई तर कमरेला पदर खोचून "मागे बघू नको, बाबा!" असं ओरडत होती. मी मोसंबी सोलायची विसरले.

आम्ही सगळे असे यशवंतकडे बघत असताना मैदानाच्या पलीकडच्या टोकाला एकदम गलका झाला. आमची मुलं एकमेकांच्या गळ्यात पडली होती.

"काय झाला?" काशीबाईने विचारलं.

"गोल झालासा वाटता," म्हातारा म्हणाला. "आपलोच."

त्या सामन्यातला तो एकुलता एक गोल. त्याच्यावर आम्ही जिंकलो. आणि तो सरांनी पाहिला नाही, मी पाहिला नाही, वर्षभर एक गोल बघायला तरसलेल्या बाराजणांनीही पाहिला नाही. फर्नांडिसला आयुष्यभर याचं दुःख राहिलं. "अरे, माझ्या लाइफचा बेस्ट गोल, आणि माझीच माणसं तिकडं तोंड करून!"

सामना संपल्यावर सरांनी पुडी काढली. कुणाला मिळणार, हे सांगायला नको. यशवंतने ती दोन्ही हातांनी घेतली.

"गोल कसा झाला, सर?" मी विचारलं. खरं तर आम्हा बघणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मी सांगतो," यशवंत म्हणाला. "लेफ्ट-इनने मागे दिला, फर्नांडिसने डाव्या पायाने घातला. मला दिसला की. पुढे होतो तेव्हा गोलपोस्टशिवाय काही दिसायचंच नाही, सर. मागून सगळं मैदान दिसतं."

बाराजण नारळ फोडून खोबरं वाटत होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "आमचो राखणदार!" गोलाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

इरा, पुढचा सामना असेल तेव्हा व्हिडिओ पाठव. आणि सोहम, कॅमेरा तू धर, पण चेंडूच्या मागे फिरवू नकोस. मला माझी नात बघायची आहे.

आता सरांची शेवटची भेट. महाराष्ट्र झाला त्या संध्याकाळची. मी बी. ए. होऊन गेले होते. शिवाजी पार्कवर दिव्यांचा नुसता झगमगाट, सगळी मुंबई माना वर करून रोषणाई बघत होती. त्या गर्दीत करडा कोट आणि छत्री दिसली. रोषणाईकडे पाठ.

"सर, दिवे तिकडे आहेत!"

"असू देत. तुमच्या चेहऱ्यावर पडलेत ते दिसतायत." मग त्यांनी खिशातून पुडी काढून माझ्या हातावर ठेवली.

"सर, मी कुठे खेळले?"

"चार वर्षं मोसंबी सोलत होतात. दमलेल्याला आधी, दर वेळी. मी बघत होतो."

मी पुडी मुठीत धरली, तोच लेझीम ऐकू आली. लालबागचं पथक, आणि पुढे, पाठीने येणारा यशवंत. सर टुणकन रस्त्यात उतरले. त्यांना पथकातले चेहरे बघायचे होते. म्हणून यशवंतच्या शेजारी जाऊन तेही त्याच्यासारखेच उलटे चालू लागले. हातवारे करत काहीतरी सांगत होते. एवढ्या गर्दीत, पाठीने, कॅनव्हासच्या बुटांत! मागे विजेचा खांब होता. मी ओरडणार, तेवढ्यात यशवंतने शिट्टी न थांबवता, मान न वळवता डावा हात लांब केला, सरांना कोपराला धरून अलगद आपल्याकडे ओढलं आणि खांब बाजूने गेला.

सरांना खांबाचा पत्ताही लागला नाही. ते बोलतच होते. आणि दोघं तसेच, सगळ्यांकडे तोंड करून, मागे मागे चालत गर्दीत दिसेनासे झाले.